शर्टातला कापूस, पिशवीतलं तेल



चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात संध्याकाळी घर सोडून भावांचा हिशेब ऐकायला इतकी माणसं आली आहेत, तेव्हा आधी तुमचे आभार. पत्रिकेवर विषय छापलाय 'परदेशी कारखाने आणि आपल्या बाजारातले भाव'. मी बोलणार आहे तो मुख्यतः कापसावर आणि सोयाबीनवर. कारण परदेशी कारखाना आपल्या बीड जिल्ह्यात दोन वाटांनी येतो. एक वाट दुकानाच्या फळीवरून, दुसरी मोंढ्यातल्या काट्यावरून. पुण्या-मुंबईत बसून महागाईवर लिहिणाऱ्यांना पहिलीच वाट दिसते. ते विकत घेणारे आहेत. आपल्याकडे मात्र सकाळी माल विकणारा आणि संध्याकाळी त्याच पैशातून किराणा भरणारा माणूस बहुधा एकच असतो.

संतकवी दासोपंतांची पासोडी याच गावात, अंबाजोगाईत आहे. सुमारे ४० फूट लांबीचं सुती कापड आणि त्यावर लिहिलेलं 'पंचीकरण'. तिच्यातल्या अध्यात्मावर बोलायचा माझा अधिकार नाही. मी तिच्याकडे कापड म्हणून बघतो. त्या काळी कापूस, चरखा आणि माग हे सगळं बैलगाडीच्या टप्प्यात असायचं. आज याच गावातल्या दुकानात शर्ट घ्या आणि कॉलरच्या आतली पट्टी उलटून वाचा. बऱ्याचदा 'मेड इन बांगलादेश' दिसेल. बांगलादेशात कापूस फारसा पिकत नाही. तो देश आपल्याकडून सूत घेतो. आपल्या सुती धाग्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच. म्हणजे वडवणी-माजलगावच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन १७० किलोची गाठ बांधली जाते, ती गुजरातेत किंवा तमिळनाडूत कातली जाते, सूत ढाक्याला जातं आणि शर्ट होऊन परत येतं. तुमच्या अंगातल्या शर्टात तुमच्याच शिवारातला कापूस असू शकतो.

इतका वळसा घालूनही शर्ट स्वस्त पडतो कसा? शिलाईची मजुरी तिकडं कमी, हे खरं. २०११ मध्ये भारताने बांगलादेशासारख्या गरीब शेजाऱ्यांच्या कपड्यांवरचं आयात शुल्क जवळजवळ काढून टाकलं, हेही खरं. पण त्याआधीची गोष्ट आहे लोखंडी पेटीची, म्हणजे कंटेनरची. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकी ट्रकवाल्याने ५८ पेट्या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. गोदीतल्या हमालांनी एकेक पोतं उचलायचं आणि एकेक लावायचं, तो खर्च गेला. आपल्याकडं न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून समुद्र ओलांडायचा खर्च शर्टामागे काही रुपयांवर आला आहे. आता मे २०२५ पासून बांगलादेशी कपड्यांना जमिनीच्या सीमेवरून प्रवेश नाही. यायचं तर न्हावा शेवा किंवा कोलकाता बंदरातून. वळसा आणखी लांबला. म्हणून दुकानातली पाटी बदललेली मला तरी दिसली नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या, किंवा मनात धरा. एका सुती शर्टाचं वजन दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. कातताना, बेतताना जाणारी तूट धरली तर त्याला सुमारे २८० ग्रॅम रुई लागते. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी आणि घट. म्हणजे एका शर्टाला आठशे ग्रॅमच्या थोडा वर कापूस. सात हजारांच्या भावाने त्याचे झाले ५७ रुपये, आणि त्यातही सरकीचे पैसे वेगळे निघतात. शर्ट विकला सहाशेला. उरलेले पैसे कातणं, विणणं, रंगवणं, शिवणं, जहाज, ट्रक, छाप, दुकानाचं भाडं आणि सेलची पाटी यांत वाटले गेले.

या आकड्यांत माझं आजचं सगळं भाषण आहे. समजा, बाहेरची रुई स्वस्त आली आणि रुईचा भाव किलोमागे १० रुपयांनी पडला. शर्टामागे बचत झाली २ रुपये ८० पैसे. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचणारच नाही, पण पोचली असं समजू. पाच माणसांच्या घरात वर्षाला पंधरा सुती कपडे आले तर वाचले ४२ रुपये. त्याच घराने चार एकर कोरडवाहूत वीस क्विंटल कापूस काढला असेल, तर त्यात रुई ६८० किलो. पट्टीवर कमी आले ६,८०० रुपये. भाव तोच पडला. दुकानात तो चिल्लर झाला आणि मोंढ्यात पोराची फी झाला.

हा पाठ समजुतीपुरता नाही. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क लागू झालं २०२१ च्या अर्थसंकल्पात. पुढच्याच हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला. गावोगावी लोकांनी कापूस घरात थप्पी मारून ठेवला होता, ते तुम्ही पाहिलंय. एप्रिल २०२२ मध्ये शुल्क काही महिन्यांसाठी उठवलं. मग १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून. दहा दिवस व्हायच्या आत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. कारण बाहेरच होतं. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तिरुपूरच्या कापड कारखान्यांच्या ऑर्डरी अडल्या, त्यांना स्वस्त कापूस द्यायचा होता. तिरुपूरची अडचण खोटी नव्हती. शिलाई मशीनवर बसलेली बाईसुद्धा कुणाच्या तरी शिवारातूनच तिथं गेलेली असते. पण वॉशिंग्टनने कारखान्यावर टाकलेलं ओझं दिल्लीने उचलून गेवराईच्या बांधावर ठेवलं. आपल्याकडं पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास, दुसरी दिवाळीनंतर. डिसेंबरअखेरपर्यंत दार उघडं ठेवायचं म्हणजे नेमके हेच दोन महिने. त्या हंगामात खासगी व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या खाली राहिला आणि सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलाव्यावरून वाद झाले.

बरं, परदेशी कापूस लागतोच कशाला? आपलं एकरी उत्पादन जगाच्या सरासरीच्या बरंच खाली आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने जे केलं त्यातून पीक अजून सावरलेलं नाही, बोंडं सडतात, रुईत कचरा जातो. लांब धाग्याची स्वच्छ रुई हवी असेल तर गिरणीवाला बाहेर बघतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही बघितलं असतं. बियाण्याचा प्रश्न बियाण्यानेच सुटेल. तो शुल्क चढवून सुटत नाही, तसा उतरवूनही सुटत नाही.

शुल्क ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. निजामाच्या राज्याला स्वतःची जकात होती, करोडगिरी. आष्टीच्या पुढं नगर जिल्ह्यात पाऊल टाकलं की राज्य बदलायचं. साखर असो, कापड असो, नाक्यावर पैसे मोजायचे. १९४७-४८ च्या लढ्यात स्वातंत्र्यसैनिकांनी जे नाके जाळले ते करोडगिरीचेच. नाणंही वेगळं होतं. इकडं निजामाचं हाली, तिकडं इंग्रजांचं कलदार. शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली. म्हणजे आपले आजोबा बाजाराला निघताना विनिमयाचा दर तोंडपाठ करून निघत. डॉलर किती वर गेला हे आज बातम्यांत ऐकून आपण सोडून देतो, तो मात्र खताच्या गोणीत आणि तेलाच्या पिशवीत मुकाट्याने शिरलेला असतो.

तेलाकडे वळतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. २०२२ मध्ये युक्रेनची लढाई पेटली, एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, आणि केजच्या किराणा दुकानात पिशवीचा भाव आठवड्यागणिक बदलत होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावलं. सांगितलं असं की सोयाबीनवाल्याला भाव मिळावा. तेलाची पिशवी दोन-चार दिवसांत महागली. सोयाबीन मात्र ४,८९२ च्या हमीभावाखालीच, चार हजारांच्या आसपास रेंगाळलं. लोक म्हणाले, व्यापाऱ्यांनी खाल्लं. थोडं खाल्लंही असेल. पण मूळ कारण दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलो आणि पेंड ८० किलोच्या आसपास. सोयाबीन हे नावाला तेलबी. पैशाच्या हिशेबात ते पेंडीचं पीक. तेल किलोमागे २० रुपयांनी चढलं तर क्विंटलमागे ३६० रुपये आले. पेंड किलोमागे फक्त ५ रुपयांनी उतरली तर ४०० गेले. आणि पेंड उतरलीच होती. एकीकडे ब्राझील-अर्जेंटिनाची स्वस्त पेंड जगाच्या बाजारात, दुसरीकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो आपल्याच कोंबडीखाद्यात शिरला. इथेनॉलचं धोरण आणि तेलाचं धोरण वेगवेगळ्या खोल्यांत ठरतं. दोन्ही एकमेकांना भेटतात ते थेट आपल्या मोंढ्यात.

महिन्याला पाच किलो तेल लागणाऱ्या घराचे त्यात शंभर रुपये जास्त गेले आणि सोयाबीनचे वाढून मिळाले नाहीत. त्याच घराला दोन्हीकडून चाट.

परदेशी मालाला शिव्या देण्याचा माझा बेत नाही. एलईडीचा बल्ब सुरुवातीला तीन-साडेतीनशेला होता, तो सत्तर-ऐंशीवर आला. त्यात सरकारची एकगठ्ठा खरेदी होती, तशी चीनमधून येणाऱ्या स्वस्त चिपचीही होती. एप्रिल २००१ मध्ये परदेशी मालावरचे संख्येचे निर्बंध शेवटचे उठले, तेव्हा आपल्याकडचे शहाणे लोक म्हणत होते की देश बुडाला. बुडाला नाही. काही कारखाने बुडाले, आणि गरिबाच्या घरात टॉर्च, छत्री, मिक्सर आला. ऊसतोडीला कर्नाटकातल्या फडावर गेलेली बाई रात्री कोपीवरून गावातल्या लेकराचं तोंड मोबाइलवर बघते, हे स्वस्त कारखानदारीचंच देणं.

पण त्याच बाईचा हिशेब पुढं नेऊन बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोची, दिवसाची तोड साधारण दोन टनांच्या घरात. टनभर ऊस तोडला की चार-पाच बल्ब येतात. बल्ब किती लागतात घराला? दवाखाना, शिकवणी, लग्न, जमिनीचा तुकडा, या गोष्टी कंटेनरमधून येत नाहीत आणि स्वस्तही होत नाहीत. महागाईचा दर कमी झाल्याची बातमी वाचून फडावरच्या माणसाला हसू येतं ते यामुळं.

आता मालाच्या वाहतुकीकडे वळू. १७ सप्टेंबर २०२५ ला नगरहून बीडला रेल्वे आली. मार्गाला मंजुरी १९९५ ची, म्हणजे तीस वर्षांनी. पुढं ती परळीला जोडली जाईल. मला प्रवासी गाडीपेक्षा मालगाडीची वाट बघायची आहे. रुईच्या गाठी आणि पेंड रेल्वेने बंदराकडं जाऊ लागली तर वाहतुकीत वाचलेला पैसा भावात उतरण्याची निदान शक्यता तरी आहे. मात्र हेही ध्यानात ठेवा की रूळ दोन्ही दिशांनी चालतात. बाहेरचा माल बीडला पोचणंही तितकंच स्वस्त होईल.

आता मागणी काय करायची? शुल्क कायम ठेवा म्हणावं तर गिरणी अडते, काढा म्हणावं तर शेतकरी. माझी मागणी तारखेची आहे. २८ मे २०२५ ला खरिपाचे हमीभाव जाहीर झाले. सोयाबीन ५,३२८, लांब धाग्याचा कापूस ८,११०. दोनच दिवसांनी, ३० मे ला, कच्च्या तेलावरचं शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. कापसाचं शुल्क पीक फुलावर असताना ऑगस्टमध्ये उठलं. पेरणी जूनमध्ये होते. कपाशी लावायची की सोयाबीन की तूर, हे माणूस तेव्हा ठरवतो. हमीभाव आणि त्या हंगामाचं आयात शुल्क एकाच दिवशी, एकाच कागदावर, पेरणीआधी जाहीर करा आणि माल घरात येईपर्यंत त्याला हात लावू नका. शुल्क शून्य ठेवायचं असेल तर तसं मे महिन्यात सांगा. आम्ही दुसरं काही पेरू. हंगामात उठवायचंच असेल, तर त्या दिवशी हमीभावाची खरेदी केंद्रं उघडी असली पाहिजेत, नोंदणीच्या रांगेत नव्हे.

याला अडचणी आहेत. जगाचा बाजार मे महिन्यात ठरवून चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्यावर तुमचे आक्षेप ऐकायला पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. मोंढ्यातले आडते मागच्या रांगेत बसलेले दिसताहेत. पेंडीचं आजचं गणित मात्र कृपा करून माझ्याऐवजी त्यांनाच विचारा.