जास्त ऑइल, जास्त आयुष्य?

उसाचा हंगाम सुरू झाला की बेळगाव-निपाणी भागातल्या ट्रॅक्टर-ट्रकना उसंत नसते. मागे पुरा भार, पुढे तवंदी घाटासारखी चढण. मग इंजिनात लिटरभर ऑइल जास्तच असू दे, असे पुष्कळांना वाटते. पण पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे बरीच गेली, तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, पंप हवाही ओढतो आणि बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो. जुने इंजिन ऑइल खातेच, मग आधीच जास्त घातले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. अशा इंजिनाची पातळी रोज पाहावी आणि कमी पडेल तेवढेच भरावे. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले ऑइलचे मापही डोळे मिटून ओतू नये. ते फिल्टरसह आहे का ते बघावे; शिवाय जुने ऑइल काढले तरी थोडे आत उरतेच. शेवटचा निर्णय सपाट जागी डिपस्टिक पाहूनच घ्यावा.

रेडिएटरला साधे पाणी चालते, हाही असाच समज. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथे उघडे पाणी ९७-९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात. योग्य प्रमाणातले कूलंट आणि दाब धरणारी टोपी मिळून ही मर्यादा १२० अंशांच्या आसपास नेतात. टोपीचे रबर कडक झाले असेल, तर काठोकाठ भरलेले कूलंटही घाटात लवकर उकळते.