उघड्यावरचा प्रकाश आणि माणसाचा चेहरा

पुष्कळ घरांतून भिंतीवर वडीलधाऱ्या माणसांच्या तसबिरी असतात. त्यांपैकीं कित्येक मुद्दाम काढवून घेतलेल्या नसतात. लग्नामुंजीच्या एखाद्या समूहचित्रांतून तेवढा चेहरा वेगळा काढून मोठा केलेला असतो. भर दुपारीं मांडवाबाहेर उभें केलेलें तें माणूस डोळे बारीक करून पाहत असतें, भुंवयांखालीं काळोख असतो आणि नाकाची सावली ओंठांवर पडलेली असते. नातवंडांना आजी ठाऊक होते ती अशी. आज प्रत्येक खिशांत कॅमेरा आला आहे, तरी ही उणीव भरून निघालेली नाहीं. कारण ती आहे प्रकाशाकडे पाहण्याच्या संवयीची.

ही संवय असल्यास अपुऱ्या साधनांनींही किती साधतें, याचें उत्तम उदाहरण स्कॉटलंडमध्यें सांपडतें. १८४३ सालच्या मे महिन्यांत एडिंबरा येथें शेंकडों धर्मोपदेशक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनीं स्वतंत्र चर्च स्थापन केलें. त्या प्रसंगाचें भव्य चित्र रंगवावें, असें डेव्हिड ऑक्टेव्हिअस हिल या चित्रकाराच्या मनांत आलें. इतके चेहरे टिपून ठेवण्यासाठीं सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानें त्याला छायाचित्रणाचा मार्ग सुचविला आणि रॉबर्ट ॲडॅमसन या तरुण छायाचित्रकाराशीं त्याची गांठ घालून दिली. कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउस येथें दोघे काम करूं लागले. त्या वेळचा रासायनिक कागद इतका मंद होता, कीं घरांतील उजेड त्याला पुरत नसे. म्हणून खुर्च्या, पडदे, पुस्तकें असें सारें सामान बाहेर आणून दिवाणखान्याचा देखावा उघड्यावर मांडला जाई. बसणाऱ्याला बराच वेळ निश्चल राहावें लागे; त्यासाठीं डोकें हातावर टेकविण्याची युक्ति होती. १८४८ सालीं ॲडॅमसन वारला. हिलचें चित्र १८६६ सालीं पुरें झालें. परंतु रसिक आज जीं मोलाचीं मानतात, तीं त्या दोघांनीं उघड्यावर घेतलेलीं छायाचित्रें होत.

नवशिक्यानें पहिला धडा घ्यावयाचा तो येथें. कॅमेरा बाजूला ठेवून आधीं उजेड कोठून येतो तें पाहावें. सूर्य आकाशांत अगदीं लहान दिसतो. म्हणून त्याच्या उन्हांत सावलीची कड सुरीसारखी धारदार पडते. ढगांनीं आच्छादिलेलें आकाश हा मात्र एक अफाट दिवा असतो; त्याचा उजेड सर्व बाजूंनीं येतो आणि सावल्या मृदु होतात. ऊन असलें, तरी हा मृदु प्रकाश ओसरीच्या कडेला मिळतो. डोक्यावरचा उजेड छपरानें अडतो आणि समोरच्या मोकळ्या आकाशाचा तेवढा चेहऱ्यावर येतो. माणसाला तेथें बाहेर तोंड करून बसवावें. बुबुळांत आकाशाचा लहानसा ठिपका चमकूं लागला, कीं जागा साधली असें समजावें. एक गाल फार काळवंडत असेल, तर त्या बाजूला पांढरी चादर धरावी. जवळ तांबडी भिंत किंवा हिरवळ असल्यास तिचा रंग कातडीवर उतरतो, तेव्हां तिच्यापासून थोडें दूर व्हावें.

आतां यंत्राकडे वळावें. कॅमेऱ्यांत प्रकाशाचा हिशेब तीन ठिकाणीं होतो: भिंगाचें छिद्र, पडदा उघडा राहण्याचा काळ, आणि फिल्मची किंवा तिच्या जागीं आलेल्या संवेदकाची ग्रहणशक्ति. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्म्यानें घटतो. स्वच्छ उन्हाचा जुना हिशेब असा: ग्रहणशक्ति १०० असल्यास छिद्र १६ आणि काळ सेकंदाचा शंभरावा भाग. मोकळ्या सावलींत उजेड साधारण तीन पायऱ्यांनीं कमी, म्हणजे आठवा हिस्सा, असतो. म्हणून छिद्र ५.६ वर आणावें. तें आणखी दोन पायऱ्या उघडून २.८ वर नेलें, तर सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. शिवाय मागचीं झाडें अस्पष्ट होऊन चेहरा उठून दिसतो. मात्र छिद्र जितकें मोठें, तितका स्पष्टतेचा पट्टा अरुंद. यासाठीं रोख नेहमीं जवळच्या डोळ्यावर धरावा.

यंत्राचा प्रकाशमापक पुढील सर्व वस्तु मध्यम करड्या मानून चालतो. पांढरें लुगडें नेसलेली आजी पुढें बसली, कीं तो उजेड जास्त झाला असें समजतो आणि तिचा चेहरा काळवंडतो. अशा वेळीं एक पायरी प्रकाश वाढवावा. मागें गर्द काळोख असेल, तर उलट करावें. अंतरही सांभाळावें. फार जवळून घेतलेल्या चित्रांत नाक मोठें आणि कान लहान दिसतात. दीडदोन मीटर मागें सरून लांब पल्ल्याचें भिंग वापरावें. पुष्कळ मोबाइलमध्येंही तसें एक भिंग असतें.

इतकें साधल्यावर राहतें तें बसणाऱ्याचें मन. ‘हंसा’ असें सांगितल्यानें चेहरा आखडतो. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गांवाविषयीं, पहिल्या नोकरीविषयीं विचारावें आणि तें आठवूं लागलें, कीं हळूच कळ दाबावी. घरच्याच एखाद्या माणसाला सकाळीं आठ वाजतां, दुपारीं बारा वाजतां आणि सायंकाळीं पांच वाजतां एकाच जागीं बसवून तीन चित्रें घ्यावींत व शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. एवढ्या अभ्यासानें नवशिक्याची दृष्टि बरीच तयार होते. हा अभ्यास लग्नसमारंभाची वाट पाहत ठेवूं नये. ओसरी रोज असते आणि सकाळचा उजेडही रोज येतो. वडीलधारें माणूस मात्र सदैव तेथें असतेंच असें नाहीं.