११,८०० रुपयांचं कार्ड आणि स्वारगेटची एसटी

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून सुचवलाय. प्रीमियम क्रेडिट कार्ड घ्यावं का? वर्षाला दहा हजार फी भरून ते परवडतं का? मी दोन वर्षं असं एक कार्ड वापरलं आणि मग बंद केलं. बँकेचं नाव घेत नाही, कारण चूक बँकेची नव्हती. माझी होती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात आयटीत आहे आणि घर कराडला. पगार वाढला, तशी ऑफिसमधल्या चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली, तुझं कार्ड कुठलं? एक जण पॉइंट्सवर सिंगापूरला जाऊन आला होता. मी त्याच रात्री अर्ज केला. धातूचं जड कार्ड घरी आलं, आणि खरं सांगतो, पहिला आठवडा मी ते नुसतं हातात घेऊन बघत होतो.

फी १०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. पहिल्या वर्षी स्वागताचे १०,००० पॉइंट्स. शंभर रुपयांच्या खर्चावर ३ पॉइंट्स, एका पॉइंटचा १ रुपया. आणि वर्षाला ५ लाख खर्च केला तर पुढच्या वर्षीची फी माफ. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येणारे.

आता हिशोब. माझा सगळा खर्च कार्डावर चालत नाही. घरभाड्यावर पॉइंट्स नाहीत, पेट्रोलवर नाहीत, वॉलेटमध्ये पैसे टाकले तर नाहीत. हे सगळं वजा जाता महिन्याला २५,००० उरतात, वर्षाचे ३ लाख. त्याचे ९,००० पॉइंट्स, म्हणजे ९,००० रुपये. बरोबर?

नाही. इथेच आपण फसतो. माझ्याकडे आधीपासून एक साधं, बिनफीचं कार्ड होतं, त्यावर १ टक्का कॅशबॅक मिळायचा. ३ लाखांवर ३,००० रुपये तर तसेही मिळत होते. म्हणजे प्रीमियम कार्डाने जास्तीचे दिले फक्त ६,०००. तुलना शून्याशी करायची नाही, हातात असलेल्या फुकटच्या कार्डाशी करायची.

दुसरी गोष्ट, १ पॉइंट म्हणजे १ रुपया हे फक्त बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट किंवा हॉटेल घेतलं तर. तेच पॉइंट्स बिलात वळते करून घेतले तर भाव ३० पैसे. म्हणजे ९,००० पॉइंट्सचे २,७०० रुपये. फुकटचं कार्ड ३,००० देत होतं! पुन्हा पोर्टलवर तेच तिकीट कधीकधी महाग दिसायचं, तो फरक वेगळा.

तिसरी गोष्ट लाउंज. २ रुपये स्वाइप करायचे आणि भरपेट जेवायचं. एका भेटीची किंमत किती धरायची? जाहिरातवाले हजार-दीड हजार धरतात. मी म्हणतो, कार्ड नसतं तर विमानतळावर तुम्ही खिशातून किती खर्च केला असता? मी एक कॉफी आणि सँडविच, २५० रुपये. वर्षात चार वेळा गेलो, म्हणजे १,०००. बाकी माझा सगळा प्रवास स्वारगेट ते कराड. तिथे कसलं आलंय लाउंज!

आता बेरीज करा. पहिल्या वर्षी ६,००० अधिक १,००० अधिक स्वागताचे १०,०००, वजा ११,८००. ५,२०० रुपये फायदा. मस्त! दुसऱ्या वर्षापासून स्वागताचे पॉइंट्स नाहीत. ७,००० वजा ११,८००, म्हणजे ४,८०० रुपये तोटा. कार्ड तेच, मी तोच. म्हणून पहिल्या वर्षाचा हिशोब बघून कधी ठरवू नका.

आणि आता ती ५ लाखांची अट. दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, फी माफ करूनच घ्यायची. मित्रांच्या गोवा ट्रिपचं बुकिंग माझ्या कार्डावर, चुलतभावाचा फ्रिज माझ्या कार्डावर. ते मला यूपीआय करायचे. तरी वर्ष संपायला तीन आठवडे असताना ७०,००० कमी पडत होते. मग मी ५८,००० चा टीव्ही घेतला, आणि १२,००० चे कपडे-बूट. जुना टीव्ही व्यवस्थित चालत होता.

म्हणजे ११,८०० वाचवायला मी ७०,००० खर्च केले. रोज कोडमधले बग शोधणारा माणूस मी, आणि हा बग मला दिसला नाही.

त्याच महिन्यात बाबांचा फोन आला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अलीकडे आलीये. तो खर्च मी करणार, असं मीच दिवाळीत मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. पण खात्यातले पैसे कार्डाच्या बिलाला लागणार होते. बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला ४२. मी बाबांना म्हटलं, पुढच्या महिन्यात केलं तर चालेल का? ते म्हणाले, "चालेल की. तू तुझं बघ, आमचं होतंय."

बिल मी वेळेवर भरलं. व्याज शून्य, फी माफ, अ‍ॅपवर अभिनंदनाचा मेसेज. ऑपरेशनही ठरलेल्या तारखेलाच झालं. बाबांनी आरडी मोडली होती. मला हे आईकडून नंतर कळलं. बाबांनी आजपर्यंत विषय काढलेला नाही. मी पैसे परत पाठवले, ते घेतले त्यांनी. पण त्या हिशोबाच्या शीटमध्ये ही रक्कम मी कुठल्या रकान्यात टाकू?

त्यानंतर मी कार्ड बंद केलं. तुम्हालाही करायचं असेल तर आधी पॉइंट्स वापरून टाका, बिल पूर्ण भरा, आणि बँकेला विचारा की हेच कार्ड बिनफीच्या कार्डात बदलून मिळेल का. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड. तुमचं सगळ्यात जुनं फुकटचं कार्ड मात्र चालू ठेवा.

मग प्रीमियम कार्ड वाईट का? अजिबात नाही. फीला दोन कार्डांच्या टक्केवारीतल्या फरकाने भागा. माझ्या बाबतीत ११,८०० भागिले २ टक्के, म्हणजे ५ लाख ९० हजार. माफीची अट नसेल, तर एवढा खर्च तुमचा मुळातच होत असेल आणि विमानाने फिरणंही होत असेल, तर खुशाल घ्या. माफीची अट असेल तर ती गाठायला एक रुपयाही जास्त खर्च करावा लागू नये. खर्च आधी, कार्ड नंतर. माझं उलटं झालं होतं.

टीव्ही छान आहे, बाय द वे. आई आली होती मागच्या महिन्यात, म्हणाली, चित्र किती स्वच्छ दिसतंय रे!

चला, तुमचा आकडा काढा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.