लाकूड कापण्याच्या यंत्राच्या चेनला तेल का मिळत नाही?

(कोल्हापूर येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वळवाचे वारे सुटले की आपल्याकडे बांधावरची झाडे पडतात. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागात पावसाळाभर रस्त्यात आणि पाटात आडवी झालेली झाडे काढावी लागतात. आजरा, चंदगडकडे काजूच्या बागेतील वाळक्या फांद्या काढण्याचे काम असते. पूर्वी या कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत असे. आता पेट्रोलवर चालणारे कटर मशीन गावोगावी आले आहे. एकजण विकत घेतो आणि भावकीतले दहाजण वापरतात. यंत्र असे दहा हातांतून फिरले की त्याच्या टाकीत कोणी काय ओतले याचा हिशेब राहत नाही, आणि आजची तक्रार बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते.

या यंत्राला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल व टू-स्ट्रोक ऑइलचे मिश्रण, दुसरीत चेनचे तेल. चेन ज्या लोखंडी पट्टीभोवती फिरते, जिला दुकानदार बार म्हणतात, तिच्या कडेला खाच असते. यंत्रातील छोटा पंप टाकीतले तेल ओढतो आणि पट्टीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून त्या खाचेत सोडतो. चेनच्या आतल्या बाजूचे दात ते तेल टोकापर्यंत वाहून नेतात. पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण २० मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरने धावते. अशा वेगात लोखंडावर लोखंड कोरडे घासले तर काय होईल ते सांगायला नको. पट्टी निळी पडते, धूर येतो, चेन तापून लांबते आणि सैल होते. आपण ती ताणतो, पुन्हा सैल होते. दिवसातून चार वेळा चेन ताणावी लागत असेल, तर ती चेन हलकी आहे असे म्हणण्याआधी तेल पाहावे. कोरडी चेन पट्टीवरून उतरते किंवा तुटते, आणि तुटलेली चेन चालविणाऱ्याच्या उजव्या हाताकडे येते. मागची मूठ खालून रुंद केलेली असते ती त्याचसाठी.

तेल येते की नाही हे ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. दोन्ही टाक्या भराव्यात, यंत्र थोडे तापू द्यावे. मग सोललेला पांढरा ओंडका किंवा जमिनीवर अंथरलेला पुठ्ठा घेऊन पट्टीचे टोक त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरावे आणि अर्धा-एक मिनिट पाऊण वेग द्यावा. टोक कशालाही टेकू देऊ नये. पुठ्ठ्यावर तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली पाहिजे. दुसरी खूण टाकीची. पेट्रोल संपेल तेव्हा तेलही बरेच खाली गेलेले असावे. पेट्रोल संपले आणि तेल भरलेलेच आहे, तर चेन कोरडी चालली असे समजावे. उलट तेल आधी संपत असेल तर तेही वाईट, कारण उरलेल्या पेट्रोलवर आपण तसेच कापत राहतो. यंत्र रात्रभर ठेवल्यावर खाली थोडासा डाग पडतो, तो दोष नव्हे. बहुतेक यंत्रांत तेवढे झिरपते. मात्र सकाळी टाकीच रिकामी दिसली तर नळी फुटली आहे का ते पाहावे.

आता दोष शोधावयाचा तो पट्टीकडून टाकीकडे, बाहेरून आत. बहुतेकजण याच्या उलट करतात. माझ्याकडे भुदरगड तालुक्यातील एक शेतकरी यंत्र घेऊन आले होते. तेल येत नाही म्हणून त्यांनी मेकॅनिकच्या सांगण्यावरून नवा पंप बसवून घेतला, तरी चेन कोरडीच. उघडून पाहिले तर पट्टी वेगळ्या बनावटीची होती. जुनी झिजली म्हणून बाजारातून लांबी बघून आणलेली. तिचे तेलाचे छिद्र यंत्राच्या तेल सोडणाऱ्या फटीसमोर येतच नव्हते. पंप बिचारा तेल देत होता, ते कव्हरच्या आत गळून जात होते. पंपाचे पैसे गेले ते गेले. पट्टी आणताना जुनी सोबत न्यावी आणि छिद्रावर छिद्र ठेवून पाहावे.

यंत्र उघडण्यापूर्वी ते बंद करून थंड होऊ द्यावे, प्लगची टोपी काढावी, हातमोजे घालावेत आणि चेनचा ब्रेक सुटा करावा. कव्हर, चेन, पट्टी काढली की आत तेलाने मळलेल्या भुशाचा थर दिसेल. जुन्या ब्रशने तो काढावा. काजूच्या डिंकाने किंवा पावसात कापलेल्या ओल्या लाकडाने हा थर इतका घट्ट बसतो की खरवडावा लागतो. पट्टीच्या बुडाचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. पट्टी उलटी-पालटी बसविता येते, म्हणून दोन्ही छिद्रे साफ करावीत. खाचेतला भुसा हॅक्सॉच्या पातळ तुकड्याने टोकापर्यंत ओढून काढावा. पट्टीच्या कडा बाहेर दुमडून नखाला लागत असतील तर कानशीने सपाट कराव्यात. बोथट चेन लाकडाचे कपचे काढीत नाही, पीठ काढते. ते पीठ खाचेत ठासून बसते आणि तेलाची वाट बंद करते. तेव्हा तेलाची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मी आधी चेनला धार आहे का, असे विचारतो.

पट्टी साफ झाल्यावर, यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर, पट्टी व चेन न बसविता यंत्र काही सेकंद चालवून पाहावे. क्लच उघडा फिरत असतो, म्हणून हात, बाही, उपरण्याचे टोक दूर ठेवावे. थोडा वेग द्यावा. काही यंत्रांत पंप चेनच्या चक्राबरोबरच फिरतो, त्यामुळे मंद गतीवर तेल आले नाही तरी तो दोष नव्हे. फटीतून तेल बाहेर आले तर पंप ठीक आहे, रोग पट्टीत होता.

तेल आले नाही तर टाकीकडे वळावे. टाकीत नळीच्या टोकाला छोटी गाळणी असते. आकड्याच्या तारेने ती बाहेर ओढावी. पेट्रोलमध्ये धुऊन स्वच्छ होत असेल तर वापरावी, डांबरासारखी झाली असेल तर बदलावी. टाकी थोड्या रॉकेलने खळखळून रिकामी करावी व वाळू द्यावी. यानंतर हवेची वाट पाहावी. टाकीतून तेल जाईल तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट काही यंत्रांत झाकणात, काहींत टाकीच्या अंगाला असते. ती बुजली की तेल थोडा वेळ येते आणि बंद पडते. झाकण किंचित सैल करून पाहिल्यावर तेल सुरू झाले, तर हाच दोष. ही खूण बऱ्याच मेकॅनिकनाही ठाऊक नसते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या घरांतली यंत्रे पाण्याखाली गेली होती. पाणी तेलापेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसते आणि गाळणीही तळाशीच असते. पंप तेलाऐवजी पाणी व गाळ ओढतो. तेल दुधाळ दिसले तर पूर्ण ओतून टाकी धुवावी. वर नवे तेल भरून भागत नाही.

तेल कमी-जास्त करण्याचा स्क्रू असल्यास तो बहुधा यंत्राच्या पोटाखाली असतो. वाळलेली बाभूळ, निलगिरी किंवा लांब पट्टी असेल तर तो वाढवावा. लहान यंत्रांत हा स्क्रू नसतो. एवढे करूनही तेल नाही, तर मगच पंप. पंप फिरविणारा दाते असलेला भाग अनेक यंत्रांत प्लॅस्टिकचा असतो आणि तो आपणच जाळतो. चेनचा ब्रेक लावलेला असताना वेग दिला, किंवा पट्टी लाकडात अडकली असताना रेटून चालविले, की क्लच तापतो आणि शेजारचे प्लॅस्टिक वितळते. हे काम माहितगाराकडून करून घ्यावे. क्लचचे आटे उलटे असतात, सवयीप्रमाणे जोर लावला तर तो आणखी आवळतो.

आता कोणते तेल हा प्रश्न. ट्रॅक्टरचे जळके ऑइल फुकट मिळते म्हणून बहुतेकजण तेच ओततात. त्यात लोखंडाचा बारीक कीस आणि काजळी असते. तीच गाळणीत अडकते आणि पंप झिजवते. ते कातडीलाही अपायकारक आहे. शेतीशास्त्राचा माणूस म्हणून मला त्याहून मोठी काळजी दुसरी वाटते. हे तेल परत टाकीत येत नाही, सगळे जमिनीवर पडते. पाव लिटरची टाकी दिवसात चारदा भरली तर एक लिटर जळके ऑइल आपल्याच बांधावर, कधी विहिरीच्या काठावर सांडते. चेनसाठी मिळणारे तेल चिकट केलेले असते, वेगाने उडून जात नाही, म्हणून तेच वापरावे. न मिळाल्यास ३० नंबरचे कोरे इंजिन ऑइल चालते. नव्वदचे गिअर ऑइल थंडीच्या सकाळी पंपाला ओढत नाही. त्यात रॉकेल मिसळून पातळ केले तर ते पट्टीवर टिकत नाही.

खाद्यतेलाचे विचाल, तर युरोपात मोहरीवर्गीय तेलापासून केलेले चेनचे तेल वापरतात आणि ते मातीत कुजून जाते. आपले शेंगतेल एखाद्या दिवसाच्या अडचणीला चालेल. पण यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर ते काढून टाकावे, नाहीतर घट्ट होऊन नळी बंद करते. जवस व करडईचे तेल मात्र टाकीत घालूच नये. ही तेले हवेत वाळून रोगणासारखी पापडी धरतात.

काम संपल्यावर तापलेली चेन ताणलेलीच ठेवू नये. थंड होताना ती आखडते व चक्रावर ताण येतो. नवी चेन बसविण्यापूर्वी रात्रभर तेलात बुडवून ठेवावी. यंत्र उसने देताना चेनच्या तेलाचा डबा सोबत द्यावा, म्हणजे घेणाऱ्याला जळके ऑइल शोधावे लागत नाही. दोन डब्यांवर रंगाने खूण करावी. पेट्रोलच्या टाकीत चेनचे तेल गेलेली यंत्रेही मी पाहिली आहेत.

समोरच्या टेबलावर दोन यंत्रे ठेवली आहेत. एकाच्या पट्टीचे छिद्र बुजविले आहे, दुसऱ्याची गाळणी. पाने, तार आणि पुठ्ठा शेजारी आहे. प्लगच्या टोप्या मी काढल्या आहेत, तरी एकदा आपण स्वतः पाहा आणि मग हात घाला.