नजर रस्त्यावर, लक्ष कुठे?



मानवी मेंदू आणि डिजिटल तंत्रज्ञान हा विषय अफाट आहे. त्यातला एकच भाग मी घेणार आहे, कारण तो थेट आपल्या, म्हणजे गाड्यांचं डिझाइन, सॉफ्टवेअर आणि चाचणी करणाऱ्यांच्या, कामाचा आहे: गाडी चालवणाऱ्याचा मेंदू आणि त्याच्यापुढे आपण बसवलेला स्क्रीन. आय-९६, आय-२७५, आय-६९६ आणि एम-५ हे महामार्ग जिथे एकमेकांना भेटतात, त्या मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये हा विषय काढायचा नाही तर कुठे?

आपल्यापैकी अनेकांचं पुण्या-नाशिकच्या घरच्यांशी फोनवर बोलणं सकाळी कामावर जातानाच होतं. उन्हाळ्यात इथे आठ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेपाच. चहा झालेला असतो, आई निवांत असते, आणि मुलगा किंवा मुलगी गाडीत एकटी सापडते. मिशिगनमध्ये ३० जून २०२३ पासून गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. कायदा चांगलाच आहे. त्याने हात मोकळे झाले; मेंदू मात्र गुंतलेलाच राहिला.

युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली प्रयोगशाळेत हेच तपासलं. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल दुपटीने निसटले, आणि फोन हातात आहे की नाही याने काही फरक पडला नाही. पुढे २००३ मध्ये स्ट्रेअर यांच्या गटाने डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर नीट पडत होती, पण बोलत असताना पाहिलेले फलक नंतर त्यांना बरेच कमी ओळखता आले. डोळ्यांनी आपलं काम केलं होतं, मेंदूने ते नीट नोंदवलं नव्हतं. लक्ष मागणारी दोन कामं मेंदू एका वेळी करत नाही. तो एक सोडतो आणि दुसरं धरतो, आणि त्या अदलाबदलीत रस्ता हातचा जातो.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं, हेही २००८ मध्ये दिसून आलं. समोर ट्रक लेन बदलतोय हे त्यालाही दिसतं, तो आपोआप गप्प होतो. नाशिकच्या आईला तो ट्रक दिसत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: घरच्यांनी पहिला प्रश्न ‘गाडीत आहेस का?’ हाच विचारावा, आणि ‘हो’ म्हटलं की फोन ठेवावा.

आता आपल्या कामाकडे येतो. व्हर्जिनिया टेकने शंभर गाड्यांवर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासाचं २००६ मधलं विश्लेषण आपल्याला माहीत आहे: नजर रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक हटली की अपघात होण्याचा किंवा तो थोडक्यात टळण्याचा प्रसंग येण्याची शक्यता निदान दुप्पट होते. ताशी ५५ मैलांच्या वेगात दोन सेकंद म्हणजे १६० फूट. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये मार्गदर्शक मर्यादा घातली: एका नजरेला दोन सेकंद, पूर्ण कामाला बारा. पण ती ऐच्छिक आहे. ॲन आर्बरचे संशोधक पॉल ग्रीन यांनी तर त्याआधीच नॅव्हिगेशनचं एक काम पंधरा सेकंदांत संपावं, असा नियम सुचवला होता.

जानेवारीत हातमोजे घालून सीटची ऊब वाढवून पाहा. जुना खटका बोट चाचपून शोधतं, डोळे रस्त्यावरच राहतात. काचेवरचं चित्र चाचपता येत नाही. बोटाला वाट दाखवायला डोळेच लागतात, आणि तेही दोन मेनूंच्या आत शिरून. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांसारख्या गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं नसल्यास गुण कापायचं ठरवलं, याचा मला मनापासून आनंद आहे. स्पर्शाला पर्याय म्हणून बोलून आज्ञा देण्यावर आपल्याकडे फार भरवसा ठेवला जातो. स्ट्रेअर यांनीच वाहतूक सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एएए फाउंडेशनसाठी २०१५ मध्ये केलेली मोजणी सांगते की, काही गाड्यांत आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागतात.

माझी सूचना साधी आहे. आराखडा पक्का होण्याच्या, म्हणजे डिझाइन फ्रीझच्या आधी प्रत्येक नव्या स्क्रीनचा नजरेचा हिशोब बैठकीच्या टेबलावर यावा. किमतीचा आणि वजनाचा येतो तसाच. आकडा दोन आणि बारा सेकंदांच्या बाहेर गेला तर ते काम गाडी चालू असताना बंद ठेवावं, आणि हे बैठकीच्या इतिवृत्तात सही करून लिहावं. त्या सहीची सुरुवात करायला मी तयार आहे.