मोर, बोट आणि कोरी वही

श्रावण सरता सरता रत्नागिरीतील एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाला ‘पावसाळ्यातील एक अविस्मरणीय प्रसंग’ हा विषय लिहावयास दिला, तर दुसऱ्या दिवशी शिक्षकाच्या टेबलावर जमणाऱ्या वह्यांपैकी निम्म्या वह्या जवळजवळ एकाच वाक्याने सुरू झालेल्या आढळतात. आकाशात काळे ढग दाटून आलेले असतात, विजा चमकत असतात आणि एक मोर पिसारा फुलवून नाचत असतो. मांडवीच्या मुलाने हा मोर कोठे पाहिला, असे विचारण्याचे धैर्य शिक्षकाला सहसा होत नाही. कारण तो मोर मार्गदर्शक पुस्तकातून आलेला असतो, आणि त्या पुस्तकाची एक प्रत पुष्कळदा शिक्षकाच्याही खणात असते.

परंतु तीच मुले मधल्या सुट्टीत काय बोलतात ते व्हरांड्यात उभे राहून ऐकावे. भाट्याच्या पुलावर वाऱ्याने छत्री उलटी झाली, ती सरळ करावयाला जावे तो दप्तर भिजले, मागून एस.टी. आली, तिने अंगावर चिखल उडविला, आणि घरी गेल्यावर मार कोणाला बसला तर छत्री ज्याची नव्हे त्याला! या हकीकतीत पाल्हाळ असतो, एकाच वेळी तिघे बोलत असतात. पण तीत मोर नसतो. ऐकणारा ‘मग?’ म्हणून विचारतो, आणि सांगणारा त्या ‘मग’च्या जोरावर पुढे जातो. कथन म्हणतात ते हेच. हे मूल वर्गात शिरून वही उघडते, तेव्हा त्याचा तो ‘मग’ विचारणारा सोबती नाहीसा झालेला असतो, आणि त्याच्या जागी गुण देणारा एक अदृश्य परीक्षक येऊन बसतो. जीभ जेथे धावते तेथे लेखणी अडते ती यामुळे. गोष्ट लिहावयास शिकविण्याचा पाठ आखावयाचा म्हणजे त्या नाहीशा झालेल्या सोबत्याला परत आणावयाचे. आज घरोघरी झालेली यंत्रे या कामी कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न रत्नागिरीपुरताच घेऊन पाहण्यासारखा आहे.

हा जिल्हा गोष्ट सांगणाऱ्यांचा आहे, हे वेगळे सांगावयास नको. साने गुरुजी दापोली तालुक्यातील पालगडचे. 1933 च्या फेब्रुवारीत, 9 ते 13 या अवघ्या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकाला प्रकरणे नाहीत. रात्री आहेत, बेचाळीस रात्री. रोज सायंकाळी श्याम सांगतो आणि सोबती ऐकतात. लेखक तुरुंगात बसून लिहीत असला, तरी त्याने आपल्यासमोर ऐकणारी माणसे बसवून घेतली आहेत, आणि म्हणूनच ते पुस्तक वाचताना लिहिल्यासारखे वाटत नाही. शिक्षकाने वर्गात ही एवढी एकच गोष्ट दाखवून दिली तरी पाठाची निम्मी प्रस्तावना झाली.

दुसरे उदाहरण मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांचे. परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांसह मुरुडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले, आणि तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ही हकीकत त्यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त सांगितली आहे. तिचे मर्म एका वाक्यात मावते, हे आताच दिसले; पण त्या एका वाक्याने कोणाचा जीव हळहळत नाही. शिक्षकाने वर्गातील पडद्यावर उपग्रहावरून घेतलेला नकाशा लावावा, मुरुड आणि साताऱ्याच्या मध्ये उभी असलेली सह्याद्रीची भिंत दाखवावी, आणि मुलांना विचारावे : दुसऱ्या दिवशी पाय कोठे दुखू लागले असतील? बरोबर काय बांधून घेतले असेल? नकार ऐकून परत फिरताना तोच घाट कसा दिसला असेल? येथे नकाशाचे काम झाले. तो मिटवून टाकावा. पडदा तासभर उजळलेला राहिला की मुले त्याच्याकडेच पाहत बसतात, असा अनुभव सर्व शाळांचा आहे.

यंत्रे शाळेत आजच आली असे नव्हे. जादूचा कंदील आला, रेडिओ आला. पुण्यास 1984 साली ‘बालचित्रवाणी’ निघाली आणि 2017 साली ती बंदही पडली. 2020 साली साथीमुळे शाळांना कुलुपे लागली, तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनी व चित्रे ठेवण्याची युक्ती केली, आणि 2020 च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे सर्व उद्योग थोरच होत. परंतु त्यांतील बहुतेकांचा ओघ एकाच दिशेचा, पाठ मुलापर्यंत नेण्याचा. मूल बोलते ते पाठापर्यंत आणण्याचे काम त्या मानाने थोडे झाले. आणि गोष्ट लिहिण्याच्या पाठाला तर हेच हवे असते.

तेव्हा या पाठातील मुख्य यंत्र म्हणजे साध्या भ्रमणध्वनीतील ध्वनिमुद्रणाची सोय. ती वापरावयास महाजाल लागत नाही, आणि पावसात वीज गेली तरी ती चालते. पाच मुलांच्या टोळीत एक फोन पुरे; किंबहुना एकच असावा, म्हणजे उरलेल्या चौघांना ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पहिल्या तासाला मुलांनी काही लिहावयाचे नाही. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध माणसाला काय विचारावयाचे, एवढेच ठरवावयाचे. ‘तुमच्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग सांगा’ असे विचारले तर आजीसुद्धा मोरच सांगेल! ‘मुंबईहून घरी येताना काय काय बरोबर आणीत होता?’ असे विचारावे. प्रश्न जितका लहान, तितके उत्तर लांब. आणि ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी मागावी, नको म्हटलेला भाग पुसून टाकावा, हा धडाही याच तासाचा.

समजा, एका मुलीच्या आजीने आगबोटीच्या प्रवासाची हकीकत सांगितली. आजच्या मुलाला मुंबई म्हणजे कोकण रेल्वे. ती 1998 पासून धावते. त्याआधीच्या पिढ्या भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसत. पावसाळ्यात बोटी बंद असत. आणि बोट बंदरापासून दूर उभी राहिली की पडावात उतरून किनारा गाठावा लागे. आजी सांगून गेली : ‘जयगड येईपर्यंत मला बोट लागली.’ मुलीने घरी बसून ऐकले आणि लिहिले, ‘जयगडला बोट धक्क्याला लागली.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध, आणि अर्थाने साफ बुडालेले! बोट लागणे म्हणजे बोटीच्या हेलकाव्यांनी मळमळून उलट्या होणे, हे त्या मुलीला ठाऊक असावयाचे कारण नाही. चतुर शिक्षक येथे चूक दुरुस्त करून मोकळा होत नाही. तो तिला पुन्हा आजीकडे पाठवितो. मग आजी लिंबू आठवते, डेकवर अंथरलेली वळकटी आठवते, शेजारच्या अनोळखी बाईने कपाळावर ठेवलेला हात आठवते. एका न समजलेल्या शब्दाने सबंध गोष्ट उघडली. मार्गदर्शक पुस्तकात न समजणारा शब्द नसतो, हाच त्याचा मोठा दोष.

दुसऱ्या तासाला फोनवरील श्रुतलेखनाची सोय उपयोगी पडते. मुलाने ध्वनिमुद्रित हकीकत ऐकून ती आपल्या तोंडाने सांगावयाची, आणि यंत्राने ती देवनागरीत उतरवावयाची. उतरते ते पाहून वर्गात हशा पिकतो, कारण खेड्यातील उच्चार यंत्राला उमगत नाहीत; पण त्याहून महत्त्वाचे असे की, विरामचिन्हे बहुधा उतरतच नाहीत. सबंध हकीकत एका दमात पसरलेली. जुनी मोडी पत्रे अशीच असत : आधी पानभर रेघ ओढून घ्यावयाची आणि मग शब्दांत अंतर न ठेवता अक्षरे लिहीत जावयाची. मराठीला स्वल्पविराम, पूर्णविराम यांची रीतसर ओळख करून देणारे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक मेजर कँडी यांनी 1850 साली काढले. त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली, आणि आता यंत्राने मुलांना पुन्हा कँडीपूर्व काळात नेऊन सोडले! शिक्षकाने ही आपत्ती न मानता संधी मानावी. तो विरामहीन मजकूर छापून मुलांच्या हाती द्यावा आणि आजीचा आवाज पुन्हा ऐकवावा. ती जेथे थांबली तेथे चिन्ह. जेथे श्वास घेतला तेथे एक, जेथे गप्प झाली तेथे दुसरे, आणि जेथे विषय सोडून दिला तेथे नवा परिच्छेद. विरामचिन्हांचे नियम पाठ करून जे वर्षानुवर्षे साधत नाही, ते कानाने ऐकून लवकर साधते.

यानंतर प्रश्न उभा राहतो बोलीचा, आणि तो नाजूक आहे. आजी संगमेश्वरी बोलते; ‘व्हती’ म्हणते. मुलीने वहीत ‘होती’ लिहावे की ‘व्हती’? पुष्कळ शिक्षक लाल शाईने ‘व्हती’ खोडतात, आणि त्याबरोबर आजीही खोडली जाते. 1905 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीअर्सनच्या भाषापाहणीच्या मराठी खंडात संगमेश्वरीला मानाचे स्थान आहे. आणि त्या पाहणीत बोलीबोलीचे नमुने गोळा करताना बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्टच सर्वत्र सांगवून घेतली होती. भाषा पकडावयाची तर व्याकरण विचारून नव्हे, गोष्ट सांगावयास लावून, हे त्या साहेबाला कळले होते. शाळेसाठी व्यवहार्य मार्ग असा : निवेदन प्रमाण मराठीत, आणि अवतरणचिन्हांतील बोलणे ज्याचे त्याच्या बोलीत. परीक्षेत मुलाचे गुण जात नाहीत आणि आजीचा आवाजही राहतो. काही पालकांना हेही रुचणार नाही. मुलाने घरातली भाषा विसरावी म्हणूनच त्यांनी त्याला शाळेत घातलेले असते. त्यांच्याशी वाद घालू नये. शेवटच्या तासाला त्यांना ऐकावयास बोलवावे.

तिसरा तास लिहिण्याचा, आणि त्या तासाला सर्व यंत्रे कपाटात. आता मुलांपुढे अडचण उलटी असते. सांगण्यासारखे फार असते. वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून दोन पाने काढावयाची. काय गाळावे? सुरुवात भाऊच्या धक्क्यावर करावी, की पडावात पाय ठेवताना? येथे चलच्चित्राशी तुलना करून दाखवावी. चिपळुणात 22 जुलै 2021 रोजी महापूर आला, त्याची चित्रे अनेकांच्या फोनमध्ये आहेत. चित्रात पाणी, घर, माणूस, छप्पर हे सर्व एकाच क्षणी दिसते. लेखणीला एका वेळी एकच वस्तू दाखविता येते, आणि कोणती आधी दाखवावी हे ठरविणे हीच लेखनातील कला. ज्या मुलाने तो पूर पाहिला, त्याने पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर आले तेव्हा घरातले बोलणे बंद झाले, हे लिहिले, तर त्याला आणखी काही शिकवावयास नको.

राहता राहिले ते नवे यंत्र, जे स्वतःच गोष्ट लिहिते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी निघाले, आणि तेव्हापासून विषय सांगताच निबंध हजर करणारी अशी यंत्रे मुलांच्या हाती आली. त्यांवर बंदी घालून काही साधेल असे वाटत नाही. घरी पहारा कोण ठेवणार? त्यापेक्षा चौथ्या तासाला शिक्षकाने स्वतःच वर्गासमोर त्या यंत्राकडून ‘आजीचा आगबोटीचा प्रवास’ लिहवून घ्यावा आणि मुलांच्या गोष्टींबरोबर वाचून दाखवावा. भाषा सफाईदार असेल, शुद्धलेखन कदाचित शिक्षकाहूनही चांगले असेल. मग मुलांना पेन्सिल देऊन एकच काम सांगावे : या दोन्हींतील जे वाक्य या गावाबाहेरच्या कोणालाही लिहिता आले असते, त्याखाली रेघ ओढा. यंत्राच्या पानावर रेघा दाट पडतील. क्वचित मोरही सापडेल. आपल्याही पानावर चार रेघा पडल्या की मुले गप्प होतात, आणि ती गप्पता शिक्षकाने भंग करू नये.

चार तास म्हणजे फार झाले, असे मुख्याध्यापक म्हणतील. त्यांना सांगावे की शालान्त परीक्षेच्या उपयोजित लेखनात कथालेखन, प्रसंगलेखन व आत्मकथन ही तिन्ही आहेत, आणि हा पाठ तिन्हींना पुरतो. ज्या घरी असा फोन नाही, त्या घरचे मूल मागे पडू नये म्हणून टोळ्या पाडण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे, मुलांवर सोपवू नये. बाकी सामानात काही नाही. खडू लागतो, तो असतो.

शेवटच्या अर्ध्या तासाला ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांनाच बाकांवर बसवावे आणि मुलांनी उभे राहून वाचावे. आगबोटीची गोष्ट वाचून होते. आजी काही वेळ बोलत नाही. मग म्हणते, ‘सगळं बरोबर हाय. पन ती बाई अनोळखी न्हवती गो. तिचं नाव मी सांगितलंच न्हाय तुला.’ आणि मुलगी पुन्हा वही उघडते.