पाच गाड्यांचं शेत: परदेशात व्हॅनने फिरताना मुक्काम कसा शोधायचा

मी माहुलहून बोलतोय, मागे टँकरचे हॉर्न आले तर सांभाळून घ्या. आई-पप्पांना घेऊन ब्रिटनमध्ये कॅम्परव्हॅनने फिरलो, हे कळल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न: रात्री झोपायला जागा कशी शोधली? आज तेवढंच सांगतो.

तिकडे दोन टोकं आहेत. एकीकडे मोठे हॉलिडे पार्क: शेकडो गाड्या, पूल, बार, गेटला कोड. दुसरीकडे शेताचा एखादा कोपरा, जिथे फक्त पाच गाड्या. हा पाचचा आकडा कायद्यातून आलाय. 1960 च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्यात एक सूट आहे. मान्यता असलेल्या क्लबने प्रमाणपत्र दिलं, की शेतकरी वेगळं लायसन्स न काढता सभासदांच्या पाच गाड्या ठेवू शकतो. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब याला 'सर्टिफिकेटेड लोकेशन' म्हणतो, कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब 'सर्टिफिकेटेड साइट'. सभासद व्हा, यादी मिळते.

सोयी बेताच्या. पिण्याच्या पाण्याचा नळ, केमिकल टॉयलेट रिकामं करायची जागा. बऱ्याच ठिकाणी बाथरूम नसतं, व्हॅनमधलंच वापरायचं. मग तिथे का जायचं? कारण पाचच गाड्या असल्या की मालक प्रत्येकाला तोंडओळखीने ओळखतो.

वेल्समध्ये, सेंट डेव्हिड्सच्या बाजूला, एका मोठ्या पार्कचं बुकिंग होतं आमचं. पोचलो तर गेट बंद, आणि फोन कोणी उचलेना. आईचे गुडघे दुखत होते, पप्पा म्हणाले, "हॉटेल बघ रे, पुरे झालं." मी यादीतल्या एका शेताला फोन लावला. बाई म्हणाल्या, या. रात्रीचे नऊ वाजले होते, पण जून महिना, अजून लख्ख उजेड. दिवेलागण कधी करायची तेच आईला कळेना! बाई गेटपाशी उभ्या होत्या. गुडघ्यांचं फोनवर सांगितलं होतं, म्हणून त्यांनी नळाच्या अगदी शेजारची सपाट जागा दिली.

सकाळी आईने भाजणीचं थालीपीठ लावलं. एक बशीत घालून बाईंना नेऊन दिलं. हिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. बशी परत आली ती सहा अंडी घेऊन. एका रात्रीचा मुक्काम तीन रात्रींचा झाला, आणि हॉटेलचं नाव पप्पांनी पुन्हा काढलं नाही.

आता कामाच्या गोष्टी. एक, ऑनलाइन बुकिंग असलं तरी फोन कराच. जमीन सपाट आहे का, पावसात चाकं रुततात का, वाट किती अरुंद आहे, हे विचारा. घरातल्या माणसाची काही अडचण असेल तर तीही सांगा. फोनवर माणूस कसा बोलतो, त्यावरून अर्धी साइट कळते.

दोन, वीज किती ॲम्पियरची आहे ते विचारा. 230 व्होल्ट गुणिले 10 ॲम्पियर म्हणजे 2300 वॅट. तिथली 3000 वॅटची किटली लावली की ट्रिप! कमी वॅटची किटली घ्या, नाहीतर चहा गॅसवर.

तीन, पर्यटक म्हणून आपलं इंडियन लायसन्स तिथे 12 महिने चालतं, 3500 किलोपर्यंतच्या गाडीला. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात लवकर बसतो.

आपल्याकडेही महाराष्ट्राने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण. मला वाटतं, ही दोन्ही एका अंगणात भेटली पाहिजेत. एक नळ, एक सपाट तुकडा आणि फोन उचलणारं माणूस, सुरुवातीला एवढंच पुरे. तुमच्या गावच्या घरी अशी जागा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीच येतो, भाजणी घेऊन!